ओला आवाज, कोरडा आवाज

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बस्त्यावभाऊ, तुम्ही टोरांटोत एवढी वर्षं संगीताची सेवा केलीत, त्यावर चार पानं लिहा." मी त्यांना तिथंच थांबवलं. मी संगीताची सेवा वगैरे काहीही केलेली नाही. मी वायरी ओढल्या, माइक उभे केले आणि ज्यांनी गाऊ नये अशा माणसांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन पोहोचवला. त्या शेवटच्या रांगेची मात्र मी इथं जाहीर माफी मागतो.

मी साउंडवाला. वसईहून कधी आलो, कुठं कुठं लागलो, हे सांगत बसणार नाही. त्यात कुणाला रस नसतो, मलाही नाही. कामाबद्दल सांगतो. आमच्यासमोर मिक्सर असतो, म्हणजे एक मोठी आडवी पाटी. प्रत्येक माइकसाठी तिच्यावर एक सरकती खुंटी असते, तिला फेडर म्हणतात. खुंटी वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. एवढं कुणालाही जमतं. खाली कधी ओढायची हे कळायला उभा जन्म जातो, कारण जिचा आवाज खाली ओढायला हवा ती व्यक्ती बहुधा कार्यक्रमाची अध्यक्ष असते.

आमच्याकडचे एक अध्यक्ष दर वर्षी स्वागतपर भाषणानंतर "आग्रहास्तव" एक गाणं म्हणायचे. आग्रह कुणाचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आधी माइकवर दोनदा फुंकर, मग बोटानं टकटक, मग माझ्याकडे बघून, "बस्त्याव, जरा इको दे रे." आपल्या लोकांना इको फार लागतो. मंडळ असो, पॅरिशचा सण असो, लग्न असो, माणूस माइकसमोर आला की त्याला आपण डोंगरदऱ्यांत गातोय असं वाटायला हवं असतं. या अध्यक्षांसाठी मी मिक्सरवर एक गोल खुंटी राखून ठेवली होती, जी कशालाच जोडलेली नव्हती. त्यांच्याकडे बघत ती ऐटीत फिरवायची. "आता कसं वाटतंय, साहेब?" "हां, आता बरं! आता आवाज खुलला!" सात वर्षं मी त्यांचा आवाज असा खुलवला. लोकांना कान नसतात, नुसता समज असतो, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं. बायको फिलोमिना म्हणायची, "तू फार शिष्ट आहेस." मी म्हणायचो, कुणीतरी असायला हवं.

इकोबद्दल आणखी थोडं, कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे. रिकाम्या चर्चमध्ये टाळी वाजवली की ती जरा वेळ घुमत राहते. तो घुमारा यंत्रातून आवाजाला लावता येतो. भरपूर लावला की इथले साउंडवाले त्याला वेट म्हणतात, अजिबात नसला की ड्राय. मी आपलं मराठीत ओला आणि कोरडा म्हणतो. ओल्या आवाजात बेसूर लपतो, फाटलेला सूर लपतो, विसरलेले शब्दही लपतात. आरशावर वाफ धरली की सुरकुत्या दिसत नाहीत, तसंच. कोरडा आवाज म्हणजे माणूस आहे तसा. माझं मत विचाराल तर कोरडा हाच खरा आवाज, बाकी सगळा मेकअप. हे मत मी आयुष्यभर न विचारताही देत आलो.

वाल्दिर मला टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये भेटला. रविवारी दुपारचं जेवण चाललं होतं. लोक नूडल्स ओढत होते, आणि कोपऱ्यात स्वेटर घातलेला एक काळासावळा, पन्नाशीचा माणूस नायलॉनच्या तारांचं गिटार घेऊन पोर्तुगीजमध्ये गात होता. कुणीही ऐकत नव्हतं. मी दुसऱ्याच कुणाचा स्पीकर न्यायला आलो होतो. तो उचलला आणि तसाच हातात धरून अर्धा तास उभा राहिलो.

त्याचं गाणं सोप्या भाषेत सांगायचं तर असं. अंगठा जाड तारेवर ढोलाचा ठेका धरायचा, तो सांबा. बाकीची बोटं त्याच वेळी वर तिरपेतारपे सूर जुळवायची, ते जॅझ. आणि गळा सोलचा. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधून बाहेर रस्त्यावर आणलेली गायकी. हे तिन्ही एकाच माणसात, एकाच वेळी, आणि चेहऱ्यावर काही विशेष करतोय असा भाव नाही. आमच्याकडे एक हार्मोनियमवाला दोन सूर वाजवायच्या आधी रुमालानं चारदा कपाळ पुसतो.

मी जाऊन म्हटलं, "मी वसईचा. तुमचे पोर्तुगीज आमच्याकडे दोनशे वर्षं होते."

"माझे नाहीत," तो म्हणाला. "माझ्याकडेही तेच होते."

तिथंच आमची दोस्ती झाली. मग मी त्याला शब्द ऐकवले. चावी, बादली, साबण, मेज, कोबी. एकेका शब्दाला तो मांडीवर थाप मारून हसायचा, कारण हे सगळं थोड्याफार फरकानं त्याच्या घरातलं होतं. काजू तर मुळात त्याच्याच देशातला, ब्राझीलचा. पुढं तो आमच्या घरी यायला लागला. फिलोमिना त्याला फुगे वाढायची, आमचे तळलेले वड्यासारखे फुगे, आणि तो मोजायचं सोडून खायचा.

वाल्दिर गोठवलेल्या माशांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. आठ तास फ्रीझरमध्ये. त्या थंडीनं घशाची वाट लागली होती. एक ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं की थंडी सोड, नाहीतर गाणं सोड. वरचा सूर लावताना आवाज मध्येच फाटायचा, सोललेल्या वायरसारखा. हे त्याला, मला आणि डॉक्टरला ठाऊक होतं. तेवढ्यात त्याच्यापुढं एक संधी आली. एक संस्था उन्हाळ्यात जागतिक संगीताचा दौरा काढायची, इथल्या कॅनडातल्या लंडनपासून क्वेबेकच्या ब्रॉसार्डपर्यंत, गावोगाव. जागतिक संगीत म्हणजे ज्याला जगात कुठंही जागा सापडत नाही ते संगीत. दौऱ्यासाठी निवड करायला एका रविवारी दुपारी छोट्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता, आणि साउंड माझ्याकडे होता.

"दौरा मिळाला," वाल्दिर म्हणाला, "तर मेपासून मी फ्रीझरमध्ये पाय ठेवणार नाही. आवाज वाचेल, सेब." इथं सगळे मला सेब म्हणतात. बस्त्याव म्हणायला त्यांची जीभ वळत नाही, आणि वळवायची इच्छाही नसते.

त्या दुपारी संस्थेच्या डायरेक्टरबाई आल्या. गळ्यात पाचसहा खंडांतल्या माळा. वाल्दिरचा राखाडी स्वेटर बघून त्यांचा चेहरा पडला. "पोपटांचा शर्ट वगैरे काही नाही का?" तो म्हणाला, नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "सेब, आवाजात थोडं बीच वाढवता येईल का?" मिक्सरवर बीचची खुंटी नसते, असं मी सांगितलं. "म्हणजे ड्रीमी हवं. ब्राझील!" वाल्दिर साओ पावलोचा. त्या शहरात समुद्र नाही, ट्रॅफिक आहे. पण हे सांगून उपयोग नव्हता. अध्यक्ष आणि या बाई एकाच माळेचे मणी, एवढं मी मनात नोंदवलं.

बाई गेल्यावर वाल्दिर माझ्या टेबलापाशी आला. "सेब, आज मला ओला ठेव," तो हळूच म्हणाला. "खूप ओला. वरचा सूर लपला पाहिजे."

मला ते मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, "तुझ्यासारख्या माणसाला मेकअप कशाला? मी तर म्हणतो, कोरडा गा." बोलणं इंग्रजीत चाललं होतं, 'कोरडा' तेवढा तोंडातून मराठीत निघाला.

तो चमकला. "कोरडा? कॉर्दा?"

"कोरडा. म्हणजे ड्राय."

"आमच्याकडे कॉर्दा म्हणजे तार!" त्यानं गिटारची तार ओढून दाखवली. चावी, साबण, बादलीनंतर हा एक नवा शब्द सापडला, पण अर्थ भलताच, म्हणून दोघंही पोटभर हसलो. मग तो गंभीर झाला. "मस्करी नको. ओला. आणि एखादी कॉर्दा तुटली तर दुसरं गिटार तुझ्यापाशी ठेवतोय, ते लगेच दे." त्यानं ते गिटार माझ्या खुर्चीमागं हीटरपासून बेताच्या अंतरावर ठेवलं. थंडीत इथली हवा इतकी सुकी असते की लाकूड तडकतं. मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इतरांच्या बाबतीत नेहमी म्हणत आलोय.

कार्यक्रम सुरू झाला. मी त्याला ओला ठेवला, चिंब. पहिली दोन गाणी सुरेख गेली. वरचा सूर फाटला तिथं घुमाऱ्यानं झाकून घेतला, आणि कुणाला पत्ता लागला नाही. डायरेक्टरबाई डोळे मिटून डुलत होत्या. म्हणजे काम होणार होतं. आणि मी मात्र खुर्चीत चरफडत होतो. एवढा मोठा गवई, आणि मी त्याला अध्यक्षांसारखा धुक्यात उभा केलाय, असं वाटत होतं.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर वाल्दिरनं माझ्याकडे बघितलं. स्टेजवरून गाणाऱ्याची हाक आमच्यापर्यंत येत नाही, स्पीकर गर्जत असतात, म्हणून आम्ही ओठ वाचतो. आयुष्यभर वाचलेत. गाण्याच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत त्याचे ओठ हलले. को-र-डा. पुन्हा एकदा, भुवया उंचावून, को-र-डा.

मनात म्हटलं, शेवटी पठ्ठ्याला पटलं! आणि घुमाऱ्याची खुंटी मी एका दमात खाली ओढली. तळापर्यंत.

त्यानंतरचे सेकंद मी अजून विसरलेलो नाही. सभागृह एकदम लहान झालं. त्यात एक थकलेला, खरखरीत, उघडा आवाज उरला. तो नेमका वरच्या सुराकडे निघाला होता. सूर फाटला, आणि तो फाटलेला सगळ्यांना ऐकू आला. त्याच क्षणी टण्ण करून गिटारची चौथी तार तुटली. ती मघापासून उसवत होती, बोटाखाली खरखरत होती. त्यानं मागितलं होतं ते गिटार माझ्या पाठीमागं शांत उभं होतं.

वाल्दिर थांबला. त्यानं तुटलेल्या तारेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पाच तारांवर, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं ते गाणं त्यानं पुरं केलं. आजवर माझ्या कानांनी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं गाणं होतं. टाळ्या पडल्या चार. डायरेक्टरबाईंनी डोळे उघडले होते आणि त्या फोनवर काहीतरी टाइप करत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "त्याचा आवाज जरा जास्तच खरा आहे. आमच्या ऑडियन्सला झेपणार नाही." खरेपणा कुणाला कशाला झेपेल, पोपटांची सवय झालेल्यांना?

तिरस्कार करायला बाई सोयीच्या होत्या, म्हणून मी घरी जाईपर्यंत त्यांचाच केला. पण त्याआधी, सामान आवरताना, वाल्दिर माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. रागावला नव्हता. नुसतं विचारलं, "काय झालं, सेब?"

आणि मी म्हटलं, "लूज वायर."

आमच्या धंद्यात प्रत्येक पापाला हे एकच नाव आहे. स्पीकरमधून शिट्टी वाजली, लूज वायर. साउंडवाला डुलकी काढत होता, लूज वायर. दुसऱ्यांनी ते म्हटलं की मी हसायचो. त्या दिवशी मीही तेच म्हटलं, आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "इट्स ओके." त्या खांद्यावरून तो हात कितीतरी दिवस हलला नाही.

दौरा मिळाला नाही. मे महिना आला, वाल्दिर फ्रीझरमध्येच राहिला. आमच्याकडे येणं कमी झालं, मग थांबलं. मी नाताळात फोन करायचो, तो घोगऱ्या आवाजात शुभेच्छा द्यायचा. प्रत्येक नाताळाला आवाज आणखी खाली गेलेला असायचा. मी फिलोमिनाला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अध्यक्षांना तू सात वर्षं फसवलंस ते फनी होतं. हे नाहीये. जा आणि सांग त्याला." मी गेलो नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे विचारत मी चार हिवाळे काढले.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो, तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. वाल्दिर उतरला. केस पांढरे झाले होते, हातात गिटार. गोदामातलं काम सोडलं होतं, आता एका शाळेत स्कूलबस चालवत होता. "सेब," तो म्हणाला. आवाज जेमतेम. "डॉक्टर म्हणतो, उरलाय तेवढा वर्षभर टिकेल. तुझ्या बेसमेंटमध्ये अजून माइक आहेत ना? मला रेकॉर्ड करायचंय. माझ्या मुलीसाठी. तिनं मला चांगलं गाताना ऐकलंच नाही."

फिलोमिना वरून ओरडली, "बस्त्याव, आधी हीटर ऑन कर! आणि बूट काढ, कार्पेटवर बर्फ आणू नकोस!"

खाली आम्ही दोघं. मी माइक लावला, त्यानं तारा जुळवल्या. सांगून टाकलं. ओठ वाचले, चुकीचे वाचले, तू तार मागत होतास आणि मी माझं मत ऐकलं. वायर वगैरे काही नव्हती.

तो तारा जुळवतच राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दुपारपासून. वायर लूज असली की खरखर होते, सेब. तू तर सगळं स्वच्छ केलं होतंस." तो हसला नाही. "वर्षभर मी तुला शिव्या घातल्या. दोन भाषांत. फ्रीझरमध्ये, रोज. तू येऊन सांगशील म्हणून थांबलो होतो. तू आला नाहीस. हे मात्र लूज वायरचं काम नव्हतं."

आयुष्यभर मी लोकांच्या कानांना नावं ठेवली. जगात बहिरा एकच होता, तो मिक्सरसमोर बसला होता, आणि त्याच्या हातात सगळ्या खुंट्या होत्या. मी त्याला एवढंच म्हटलं, "मला माफ कर." त्यानं मान हलवली. होकार होता की नकार, मी विचारलं नाही.

मग तो गायला बसला. सवयीनं मी घुमाऱ्याची खुंटी वर सरकवून ठेवली होती. या वेळी तरी त्याला झाकायचं, असं ठरवलं होतं. पहिली ओळ झाली आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. को-र-डा.

माझा हात खुंटीकडे गेला आणि थांबला. मी आधी गिटारकडे बघितलं आणि तारा मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाही जागच्या जागी होत्या. तरीही मी हेडफोन काढले, उठलो, त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं, "तुझा शब्द की माझा?"

"तुझा," वाल्दिर म्हणाला.